अखंड सुराचे श्रवण : ड्रोन-संगीताच्या इतिहासाविषयी एक विचार

ड्रोन आणि अँबियंट ह्या दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य इलेक्ट्रॉनिक संगीताचा उल्लेख आपल्याकडील संगीतविषयक लेखनात क्वचितच आढळतो. आणि आढळला तर बहुधा दोनपैकी एका रूपात. एक तर त्याची संभावना ‘यंत्राचा घुमारा’ म्हणून केली जाते, नाहीतर आपल्या तंबोऱ्याचीच ही परदेशी आवृत्ती होय, अशी अभिमानाची नोंद करून विषय संपविला जातो. पहिल्या मताचा परामर्श घेण्याचे कारण नाही. दुसरे मत मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. पण तो अंश नेमका कोठे आहे हे ते मत मांडणारे सहसा सांगत नाहीत.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. त्यात चीज नाही, ताल नाही, आलापाची बढतही नाही. एक, दोन किंवा मोजकेच स्वर मिनिटेच्या मिनिटे, कित्येकदा तासभर, धरून ठेवलेले असतात. त्यांत बदल होतो, परंतु तो इतका सावकाश की ऐकणाऱ्यास त्याचा पत्ता बदल होऊन गेल्यावर लागावा. ह्या संगीताचा इतिहास प्रायः साधनांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी ध्वनिफीत, मग विद्युत्‌-आंदोलक, मग सिंथेसायझर. हा क्रम सोयीचा असला तरी पुरेसा नाही. अखंड सूर धरावयास वीज लागत नाही. आपला तंबोरा काही शतके तेच करीत आला आहे, आणि स्कॉटलंडची मशकबीन किंवा चर्चमधील ऑर्गनचा खर्जही तेच करतो. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे असे काय घडले? माझ्या मते जे बदलले ते ध्वनीपेक्षा श्रवण होय, आणि म्हणून हा इतिहास ऐकण्याच्या क्रियेचा इतिहास म्हणून लिहिला पाहिजे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने संगीताच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे समर्थन एवढेच की, ऐकणे म्हणजे काय हा प्रश्न त्याच्याही धंद्याचा आहे.

ह्या प्रश्नाची सर्वांत पद्धतशीर मांडणी पिएर शेफेर ह्या फ्रेंच अभियंत्याने केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच नभोवाणीवरून त्याने आगगाड्या, भांडी इत्यादींच्या ध्वनिमुद्रणांतून रचलेल्या कृती प्रसारित केल्या आणि त्या प्रकारास ‘मूर्त संगीत’ हे नाव दिले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या संगीत-वस्तूंवरील आपल्या ग्रंथात त्याने श्रवणवाचक चार फ्रेंच क्रियापदे घेऊन त्यांच्या अर्थच्छटांवर श्रवणाचे चार व्यापार उभारले. भाषेच्या अभ्यासकास विशेष वाटावे ते हे की, मराठीत ह्या चौघांसाठी जवळजवळ तयार शब्द आहेत. ध्वनी आपोआप कानी येतो, ते ‘कानावर पडणे’. तो कशाचा, कोठून आला ह्याचा शोध घेणे, म्हणजे ‘कानोसा घेणे’. दारात कोण आले हे आपण कानोशानेच ताडतो. हेतुपूर्वक ध्वनीकडेच लक्ष वळविणे म्हणजे ‘कान लावणे’. आणि ध्वनीमागील अर्थापर्यंत पोचणे म्हणजे ‘उमगणे’. शेफेरच्या म्हणण्याप्रमाणे आपण सामान्यतः दुसऱ्या आणि चौथ्या व्यापारांत गढलेले असतो: एक तर ध्वनीतून त्याच्या उगमाकडे धावतो, नाहीतर त्याच्या अर्थाकडे. ध्वनी स्वतः तेवढा राहून जातो. उगम आणि अर्थ दोन्ही बाजूस ठेवून केवळ ध्वनीस कान लावणे ह्यास त्याने एक स्वतंत्र शिस्त मानले. आपण तिला उगमनिरपेक्ष श्रवण म्हणू.

ही शिस्त त्यास सुचली ती एका प्रयोगावरून. घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा पहिला आघात कापून टाकला तर उरलेला नाद घंटेचा वाटत नाही, एखाद्या सुषिर वाद्याचा वाटतो. स्वनविज्ञान शिकविणाऱ्यास हे परिचयाचे आहे. ‘का’, ‘टा’, ‘पा’ ह्यांतील व्यंजन आपण ओळखतो ते बव्हंशी स्वराच्या उंबरठ्यावरील क्षणार्धाच्या हालचालीवरून. तो क्षण कापला की उरतो तो निव्वळ ‘आ’. पतंजलीने महाभाष्यात स्वर म्हणजे स्वतःच शोभणारा व व्यंजन म्हणजे त्याच्या मागून चालणारे, अशी व्युत्पत्ती दिली आहे. आपल्या भाषेत व्याकरणाचा ‘स्वर’ आणि संगीताचा ‘स्वर’ हा एकच शब्द आहे ही गोष्ट ह्या विषयाच्या संदर्भात कामाची ठरते. ड्रोन-संगीत हे व्यंजनावाचूनचे स्वर आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु कान लावणे ही ह्या इतिहासाची एकच बाजू झाली. दुसरी बाजू अगदी उलट मागणीची आहे. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसमधील बार्बाझांज चित्रदालनात एका नाटकाच्या मध्यंतरात एरिक सातीने आपले ‘फर्निचर-संगीत’ वाजवविले. खुर्ची असते, भिंतीवरचा कागद असतो, तसे संगीत केवळ असावे, कोणी त्याकडे लक्ष देऊ नये, ही त्याची कल्पना. वादक निरनिराळ्या जागी बसविले होते. वाद्ये सुरू होताच प्रेक्षक मुकाट्याने जागेवर बसून ऐकू लागले. तेव्हा साती ‘बोला, फिरा, ऐकू नका’ अशा अर्थाचे ओरडत त्यांच्यामध्ये फिरला, असे त्याचा सहकारी दारियुस मियो ह्याने नमूद केले आहे. प्रयोग फसला असे चरित्रकार लिहितात. मला तो फार बोलका वाटतो. जे कानावर पडावे म्हणून योजले होते त्यास लोकांनी कान लावला. श्रवणाची जात रचनाकाराच्या आज्ञेने ठरत नाही हे त्या संध्याकाळी सिद्ध झाले.

आता तंबोऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. ड्रोन-संगीताचा आद्य प्रवर्तक म्हणून ज्याचे नाव सर्वत्र घेतले जाते तो ला माँट यंग १९३५ साली अमेरिकेतील आयडाहो राज्यातील बर्न ह्या खेड्यात लाकडी ओंडक्यांच्या घरी जन्मला. आपल्या पहिल्या श्रवणस्मृती म्हणून तो घराच्या फटींतून घुमणारा वारा आणि विजेच्या तारा व रोहित्रे ह्यांची गुणगुण ह्यांचा उल्लेख करतो. १९५८ च्या उन्हाळ्यात त्याने तीन तंतुवाद्यांसाठी ‘ट्रायो’ रचला, आणि त्यात पहिले काही स्वर उलगडावयासच कित्येक मिनिटे लागतात. १९६० च्या एका रचनेत तर दोनच स्वर आहेत व ते दीर्घ काळ धरावेत एवढीच सूचना आहे. त्या दोन स्वरांतील अंतर षड्ज-पंचमाचे आहे.

हे वाचताच आपल्या वाचकास तंबोऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि पुढील हकीकत तर त्यास अनुकूलच आहे. किराना घराण्याचे अब्दुल वहीद खाँ (निधन १९४९) ह्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ हे १९७० साली अमेरिकेस गेले. यंग, त्याची पत्नी मरियन झझीला आणि टेरी रायली हे तिघे त्यांचे शिष्य झाले, आणि १९९६ मध्ये प्राणनाथांचे बर्कली येथे निधन होईपर्यंत हा संबंध टिकला. यंगने गुरुगृही तंबोरे जुळविले, साथीला धरले. किराना म्हटले की आपणांस मिरज आठवते, अब्दुल करीम खाँ आठवतात आणि परंपरेची साखळी पुरी झाल्यासारखे वाटते.

कालक्रम मात्र ह्या साखळीच्या आड येतो. ‘ट्रायो’ १९५८ चा. गुरू मिळाले १९७० साली. बारा वर्षांनंतरच्या कारणाने आधीचे कार्य घडत नाही. शिवाय ‘ट्रायो’ची स्वरयोजना राग-पद्धतीची नसून ऑस्ट्रियन रचनाकार वेबर्नच्या बारास्वरी पद्धतीची आहे. तेव्हा किरान्यापासून ड्रोन-संगीत जन्मले हे विधान सोडून दिले पाहिजे.

तथापि येथेच थांबलो तर आपण घाईने निकाल दिला असे होईल. १९५५ साली अमेरिकेत अली अकबर खाँ ह्यांच्या सरोदवादनाची एक दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. तबल्यावर चतुरलाल, तंबोऱ्यावर शिरीष गोर आणि प्रास्ताविक निवेदन यहुदी मेन्युहिन ह्यांचे. यंगने ती विद्यार्थिदशेत, १९५७ च्या सुमारास, लॉस एंजेलिसमध्ये ऐकली, आणि तीतील तंबोऱ्याच्या नादाचा आपल्या दीर्घ स्वरांवर परिणाम झाला हे त्याने स्वतः लिहिले आहे. म्हणजे तंबोरा त्याच्यापर्यंत पोचला होता. पण तो घराण्यातून नव्हे, तर काळ्या तबकडीवरून. आणि ह्या फरकास महत्त्व आहे. मैफलीत बसलेल्यास तंबोरा हा गवयाच्या पाठीमागे असतो, दृष्टीने आणि श्रवणानेही. तो सतत कानावर पडतो. त्यास कोणी कान लावीत नाही, कारण तो असतो तो दुसऱ्या कशाकडे कान लावता यावा म्हणून. राग न जाणणाऱ्या परक्या तरुणास ही उतरंड ठाऊक नव्हती. जे मागे होते ते त्यास पुढे ऐकू आले. भाषांमध्येही असे घडते: परभाषेतून शब्द उचलताना मूळ भाषेतील गौण छटा उचलणाऱ्यास मुख्य वाटते, आणि मग तो शब्द त्याच छटेने नव्या भाषेत नांदतो. अशा उसनवारीस कोणी गैरसमज म्हणतो, कोणी निर्मिती. मला दोन्ही शब्द एकाच वेळी खरे वाटतात.

प्राणनाथांच्या शिकवणीने नंतर यंगच्या कामात स्वरांच्या शुद्ध गुणोत्तरांविषयीची निष्ठा दृढ झाली, परंतु तीही आधीपासून होती. शुद्ध गुणोत्तरांवर पियानो जुळवून वाजवावयाची त्याची ख्यात रचना १९६४ साली सुरू झाली. ह्या निष्ठेस महाराष्ट्रातही एक पूर्वपीठिका आहे, जरी दोहोंचा परस्परसंबंध नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या व न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्यांच्या श्रुतिविचारास आधार होता तो अब्दुल करीम खाँ ह्यांच्या कंठाचा. गायकाने स्वर लावावा आणि मोजणाराने मोजावा, अशी ती जोडी होती.

तंबोऱ्याच्या नादाचे शास्त्र चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली मांडले. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू असेल ते उपस्वर उमटू नयेत असा नियम. तंबोऱ्यात मात्र ते उमटतात, कारण रुंद घोडी आणि तीवरील सूत ह्यांमुळे कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठास पुनःपुन्हा स्पर्श करीत राहते. ज्यास आपण जवारी म्हणतो ती हीच. तार विरत जाताना प्रबळ उपस्वरांचा पट्टा सरकत जातो, आणि म्हणून तंबोरा एखादा स्वरवर्ण हळूहळू पालटीत उच्चारल्यासारखा ऐकू येतो. विद्युत्‌-आंदोलकाचा शुद्ध सूर ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. त्यास उपस्वर नाहीत, आघात नाही, विरणे नाही. यंग आणि झझीला ह्यांनी न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३ साली मांडलेल्या ‘ड्रीम हाउस’मध्ये असे अनेक सूर निश्चित गुणोत्तरांत एकाच वेळी खोलीत सोडलेले आहेत. यंत्र काहीच बदलत नाही. परंतु खोलीत स्थिर लहरी निर्माण झाल्यामुळे ऐकणाऱ्याने मान किंचित कलती केली तरी त्याच्या कानी निराळे सूर येतात. तो चालू लागला तर जणू धून उमटते, आणि निश्चल राहिला तर तीही थांबते. रचनाकार, वादक आणि श्रोता ह्या त्रयीत वादकाचे काम येथे श्रोत्याच्या मानेकडे आले आहे.

ल्यूसिएच्या कृतीस संगीताच्या इतिहासात जे स्थान आहे त्याहून मोठे स्थान स्वनविज्ञानाच्या वर्गात दिले पाहिजे. ॲल्विन ल्यूसिए (१९३१–२०२१) हा बोलताना अडखळत असे. १९६९ साली त्याने एका खोलीत बसून, आपण काय करीत आहोत हेच सांगणारा एक लहान मजकूर वाचून मुद्रित केला; ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केले; आणि हाच क्रम चालू ठेवला. प्रत्येक आवर्तनात खोलीच्या अनुनादास जुळणारे सूर बळावतात, बाकीचे क्षीण होतात. १९८० च्या मुद्रणात हा क्रम ३२ पिढ्यांपर्यंत नेलेला आहे. आधी व्यंजने झिजतात, मग स्वरांमधील भेद जातात, शेवटी बोलण्याची लय तेवढी राहते आणि बाकी सर्व घंटानादासारखे मंद घुमणारे सूर होतात. अडखळणेही त्यात विरून जाते.

मी ही कृती पदव्युत्तर वर्गात अनेकदा ऐकविली आहे. शब्द कळेनासा झाला की हात वर करावा, अशी सूचना देतो. हात एकाच वेळी वर होत नाहीत. ज्यांनी मूळ मजकुराकडे नीट लक्ष दिलेले असते त्यांचे हात सर्वांत उशिरा वर जातात; शब्द ध्वनीत उरलेले नसताही त्यांच्या कानात असतात. एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हात वर केला आणि मग ऐकू यायला लागलं.” शेफेरच्या ग्रंथाची कित्येक पाने मी तिच्या ह्या वाक्याने शिकवितो.

एलियान रादिग हिची जन्मभूमी पॅरिस (१९३२), आणि तिचे प्रशिक्षण शेफेर व पिएर आँरी ह्यांच्या कार्यशाळांतील. १९७० नंतर तिने एआरपी २५०० हा सिंथेसायझर घेतला, पण त्याची पट्ट्यांची पेटी मात्र वापरली नाही. बोटाने स्वर दाबावयाचा म्हणजे पुन्हा आघात आला, पुन्हा व्यंजन आले. केवळ खुंट्या कणाकणाने फिरवून ती तासतासभर चालणारे प्रवाह ध्वनिफितीवर उतरवी. मध्ये चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. १९७४ च्या ‘अद्नोस’नंतर कॅलिफोर्नियातील काही विद्यार्थ्यांनी ह्या संगीताचे ध्यानाशी साम्य असल्याचे तिच्या नजरेस आणले, ती तिबेटी बौद्ध साधनेकडे वळली, काही वर्षे तिने रचना थांबविली आणि परतल्यावर ‘मृत्यूची त्रयी’ (१९८८–९३) ही सुमारे तीन तासांची कृती सिद्ध केली. तिच्या संगीतात बदल ऐकू येत नाही. बदललेले ऐकू येते. मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘ष’ आणि ‘श’ ह्यांतील भेद पुसला गेला तो असाच. कोणत्याही पिढीने तो पुसला जाताना ऐकलेला नाही. भाषेतील ध्वनिपरिवर्तन विद्यार्थ्यांस समजावून देण्यास रादिगच्या एका तासासारखे दुसरे साधन मला आढळलेले नाही, आणि सर्वांस तासभर बसविता येत नाही ही अडचणही तितकीच खरी.

अँबियंट हे नाव रूढ केले ब्रायन ईनोने. त्याची उगमकथा प्रसिद्ध आहे. जानेवारी १९७५ मध्ये मोटारीच्या धक्क्याने तो अंथरुणास खिळला. भेटीस आलेल्या एका मैत्रिणीने हार्पची ध्वनिमुद्रिका लावून दिली. आवाज फार लहान होता, एक ध्वनिक्षेपक बंद होता, बाहेर पाऊस होता, आणि उठून आवाज वाढविण्याची त्यास शक्ती नव्हती. पावसात मिसळलेले ते मंद सूर ऐकता ऐकता त्यास नव्या श्रवणाची कल्पना सुचली, असे त्याने त्याच वर्षीच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर लिहिले. ती मैत्रीण, ज्यूडी नायलन, हिचे म्हणणे निराळे आहे: योगायोग मुळीच नव्हता, पावसाच्या आवाजाशी मेळ बसेल असाच सूर आपण लावून दिला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्या दोन साक्षींचा विचार करावा. एक साक्ष कानावर पडण्याची आहे, दुसरी कान लावण्याची. आणि जिने कान लावला होता तिचे नाव कथेच्या बहुतेक आवृत्त्यांतून गळले आहे. १९७८ च्या विमानतळासाठीच्या संगीतात ईनोने निरनिराळ्या लांबीच्या ध्वनिफितींची वर्तुळे एकत्र फिरविली, आणि लक्ष दिले तर रंजक, न दिले तर दुर्लक्षिण्याजोगे असे संगीत असावे ही भूमिका घेतली. सातीस जे आरडाओरड करून साधले नाही ते ईनोने श्रोत्यास दोन्ही मार्ग मोकळे ठेवून साधले. पॉलिन ऑलिव्हेरोस हिचा मार्ग मात्र दुसऱ्या टोकाचा. १९८८ साली तिने वॉशिंग्टन राज्यातील एका भूमिगत रिकाम्या टाकीत उतरून, जेथे नाद ४५ सेकंद घुमत राहतो तेथे, सहकाऱ्यांसह मुद्रण केले आणि ‘गहन श्रवण’ हीच आयुष्यभराची शिकवण केली. ह्या दोघांस एका शीर्षकाखाली घालणारे सूचीकार ध्वनीचे साम्य पाहतात. श्रवणाच्या दृष्टीने ते परस्परविरोधी आहेत.

भारतातही ह्या काळी आंदोलक अगदीच अपरिचित नव्हते. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत डेव्हिड ट्यूडर ह्याने मूग सिंथेसायझर बसविला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर आदींनी १९७२ पर्यंत त्यावर काम केले. त्या ध्वनिफिती सर्वसामान्य श्रोत्यांच्या कानी आल्या त्या २०२३ साली. पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि आज तो खिशातील दूरध्वनीतही आहे. परंतु तो गवयाच्या पाठीमागेच राहिला, पुढे आला नाही.

आपल्या परंपरेत तंबोऱ्यास खरा कान लावला जातो तो दोनच प्रसंगी. मिरजेचा कारागीर घोडी कानशीने घासून जवारी काढतो तेव्हा, आणि मैफलीपूर्वी गवई तंबोरे जुळवितो तेव्हा. त्या वेळी श्रोते सतरंजीवर जागा शोधीत असतात, गप्पा मारीत असतात. संगीत सुरू झाले असे कोणी मानीत नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ ह्यांनी वाद्ये जुळविली, आणि ते थांबताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी एवढी आवडली तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा रविशंकरांनी विनोदाने व्यक्त केली. हा प्रसंग आपल्याकडे परक्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून हसत सांगितला जातो, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण बहुतेकांच्याच.